दोन्हीकडचा आवाज सारखा केल्याची हकिकत

रायपूर, तात्यापारा
रविवार, सकाळचा दुसरा चहा

ती. सौ. विमलाताईस,

श्यामकांतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (ऑपरेशन झालेला पाय सोडून, दुसऱ्यावर). गुडघा कसा आहे? व्यायाम करून राहिली का, की ती फिजिओथेरपीवाली पोट्टी आली की तेवढ्यापुरता पाय उचलते आणि ती गेटाबाहेर पडली की पुन्हा उशीवर ठेवते? मले सगळं माहीत आहे. भाऊजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी फोनवर जेवणाचं विचारलं होतं. त्यांना म्हण, वडाभात होता, वरून फोडणीचं तेल होतं, आणि त्यांच्या वाटचा मीच खाल्ला.

तर ताई, तुझ्या भाचीचं, गंधालीचं लग्न झालं. नीट झालं. फोनवर तुले एवढंच सांगितलं, कारण फोनवर तुझी भावजय गोदावरी बाजूले उभी राहते आणि माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते. म्हणून हे पत्र. खरं सांगतो, अजूनही सकाळी उठल्यावर क्षणभर छातीत धस्स होते, मग आठवते की अरे, झालं ना लग्न, आणि जीव भांड्यात पडते. असं रोज होऊन राहिलं आहे आणि मले त्याची मजा येऊन राहिली आहे. कारण हे लग्न मोडता मोडता वाचलं, आणि कशापायी मोडत होतं हे ऐकशील तर कपाळावर हात मारशील. जावयाच्या गाडीच्या डिकीतल्या दोन मशिनींपायी.

आधी माणसं सांगतो. आपल्या घरी कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं म्हणायचा मान तुझा. पण तू पडली गुडघा धरून अमरावतीले, म्हणून तुझ्या जागी इंदूले उभं केलं. (इंदू म्हणजे गोदावरीची धाकटी बहीण, शाळेत खेळ शिकवते. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाच्या पोराले उभं करते, शिटीशिवाय.) वरपक्षाकडून म्हणणार होत्या पूर्णिमाबाई, परागच्या आत्या. पराग लहान असतानाच त्याची आई गेली. या आत्यानं त्याले वाढवलं, स्वतःचं लग्न केलं नाही, आणि आमचे व्याही नरहरीभाऊ बहिणीले विचारल्याशिवाय दाराले कडीसुद्धा लावत नाहीत. बाई भल्या आहेत, पण शब्दाच्या पक्क्या. नाही म्हणजे नाही.

आता पराग. पोरगा सोन्यासारखा आहे, नवा रायपूरले कंपनीत आहे. तिथले रस्ते रुंद आणि रिकामे, म्हणून त्याले गाडीत गाणी वाजवायचा शौक लागला. साधा शौक नोहे वो ताई. डिकीत सामान ठेवायले जागा नाही, सगळे ॲम्प्लिफायर. (ॲम्प्लिफायर म्हणजे बारीक आवाज मोठा करणारी पेटी.) त्याच्याकडे दोन होते, एक कॉलेजातला जुना, एक नवा, दुसऱ्याच कंपनीचा. मराठी त्याले सगळी समजते, पण उत्तर हिंदीतून देते. साखरपुड्याले म्हणाला, अंकल, साउंड मेरी गाड़ी का रहेगा. मी म्हटलं हव. मुलीचा बाप दुसरं काय म्हणते?

साखरपुडा आमच्याच अंगणात झाला. परागनं गाडी उलटी आत घेतली, डिकी उघडली, दोन खांबांवर दोन स्पीकर, दोन माईक. इंदूचा माईक डावीकडच्या नव्या पेटीत, पूर्णिमाबाईंचा उजवीकडच्या जुन्या पेटीत. दोघींनी स्वतः रचलेली पदं आणली होती. इंदूनं तोंड उघडलं आणि बाप्पा! आंब्यावरची पाखरं उडाली, पलीकडच्या गल्लीतले लोक गच्चीवर आले. मग पूर्णिमाबाई उभ्या राहिल्या, डोळे मिटले, सुरुवात केली, आणि पहिल्या रांगेतल्यांनासुद्धा काही ऐकू येईना. ओठ हलताना दिसत. कोणीतरी मागून म्हणालंही की माईक चालू करा. बाई पद पुरं करून खाली बसल्या, ताटाले हात लावला नाही, आणि पाणीसुद्धा न पिता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी नरहरीभाऊंचा फोन. आवाज अगदी थंड. म्हणाले, आमची ताई म्हणते की लग्नाआधीच आमची बाजू दाबली, तर लग्नानंतर काय होईल. म्हणाले, तारीख जरा पुढे ढकलू. ताई, तारीख पुढे ढकलू याचा अर्थ तुले-मले कळते. गोदावरीनं देवापाशी दिवा लावला. गंधाली स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच. मले ते पाहवलं नाही. गाडी त्यांची, पेट्या त्यांच्या, पोरगा त्यांचा, अन् दाबणारे आम्ही! पण हे बोलायची सोय कुठे?

मी लगेच इंदूले घेऊन त्यांच्या घरी गेलो, हात जोडले. बैठक बसली. नरहरीभाऊंचा स्वभाव तुले सांगतो, त्यांच्याकडे सगळं दोन्ही पक्षांदेखत, समसमान आणि हळदकुंकू लावून होते. लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याचा कागदही तसाच झाला होता. त्यांनी विचारलं, आवाज कशानं कमी-जास्त होते? परागनं दोन्ही पेट्यांवरचा गेनचा स्क्रू दाखवला. झालं! भाऊ म्हणाले, दोन्ही स्क्रू एकाच जागी आणा, मधोमध, आणि तिथे कुंकवाची रेघ ओढा, म्हणजे कोणाची तक्रार नाही. त्यांनी एका पेटीवर ओढली, मले दुसरीवर ओढायले लावली. आता मी सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये उभा जन्म मीटर-गेज जुळवण्यात घालवलेला माणूस. मले ठाऊक होतं की दोन कंपन्यांच्या स्क्रूंची मधली जागा दिसायले सारखी, पण आतून एकीनं आवाज दुप्पट होते तर दुसरीनं चौपट. तिथे डोळ्यांचं काम नाही, मोजायले लागते. पण व्याह्यांच्या हातात कुंकवाचा करंडा असताना मी काय मोजू? मुंडी हलवली आणि रेघ ओढली.

लगेच तिथेच पाहणी झाली, आणि पहिल्यापेक्षा वाईट. इंदूचा आवाज आणखी चढला, आणि पूर्णिमाबाईंचा असा आला की जणू त्या कोठीत बसून बोलून राहिल्या आहेत. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आधी नुसतं दाबलं होतं, आता कुंकू लावून दाबलं.’ आणि आत निघून गेल्या. नरहरीभाऊ माझ्याकडे पाहून राहिले, मी कुंकवाकडे.

तेव्हा मात्र मले राग आला. व्याह्यांचा नाही, स्वतःचा. म्हटलं, श्यामकांत, पोरगी घासलेली भांडी घासून राहिली आणि तू भिडेपायी चूप बसतो? रविवारी सकाळी प्लांटमधला मीटर घेतला, परागले आणि इंदूले बोलावलं आणि पूर्णिमाबाईंनाही निरोप धाडला की तुमच्या डोळ्यांदेखत करतो. वाटलं येणार नाहीत. आल्या, खुर्ची घेऊन डिकीसमोर बसल्या, परीक्षेत पहारा करतात तशा. दुसरी गाडी भाड्यानं आणा म्हणून मी सुचवलं तर म्हणाल्या, ज्या गाडीत माझा आवाज पडला त्याच गाडीतून तो निघाला पाहिजे. पुढे बोलायचं कामच नाही.

कसं केलं ते सांगतो, भाऊजींना समजेल. स्पीकरच्या तारा सोडल्या. गाडीच्या टेपवर एकच एक सूर लावला, न थांबणारा, दोन्ही बाजूंना सारखाच जाणारा. मग एका पेटीच्या तोंडाशी मीटर लावला, किती व्होल्ट येते पाहिलं, मग दुसरीच्या. नवी कितीतरी पुढे. मी म्हटलं, पराग, मोठ्याले खाली आणू, लहान्याले ताणायचं नाही, ताणलं की आवाज फाटते. तर तो कळवळला, ‘अंकल, कम मत करो, पुराने को ही बढ़ाते हैं ना!’ त्याच्या शौकाले धक्का बसत होता. पण मी नव्याचा स्क्रू केसाकेसानं फिरवत खाली आणला, आणि मीटरवर दोन्हीकडे एकच आकडा आला. आम्ही दोघं डिकीत डोकी घालून होतो, कंबर धरली होती, पण त्या वेळी मले तो पोरगा पहिल्यांदा आपला वाटला. (स्पीकर सोडलेले, म्हणून बाहेर आवाज काहीच नाही. गोदावरी चहा घेऊन आली आणि विचारती झाली की हे काय वाजवून राहिले तुम्ही.)

तारा जोडल्या. इंदू गायली. पूर्णिमाबाई गायल्या. आणि ताई, फरक तसाच! आधीपेक्षा कमी, पण होताच. पूर्णिमाबाई म्हणाल्या, माईक बदला. बदलले. तरी इंदूच मोठी, आता उजवीकडून. पुन्हा बदलले. इंदू जिथे जाईल तिथे मोठा आवाज. मशिनी सारख्या झाल्या होत्या, आणि म्हणूनच जे लपलं होतं ते उघडं पडलं. मी मीटरच्या तारा उगाच गुंडाळत बसलो. मग बाईच म्हणाल्या, ‘म्हणजे मशीन नोहे. मीच बारीक आहो.’

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा न्याय करायची गरज होती का? बाई माईक हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, मले माझं गाणं मिरवायचं नव्हतं श्यामकांतभाऊ, माझ्या एका कडव्यात वहिनीचं नाव आहे. परागच्या आईचं. तिच्या लेकाच्या लग्नात ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं पाहिजे, एवढंच. पराग डिकीतून बाहेर आला नाही, तोंड आतच ठेवून म्हणाला, वायर चेक कर रहा हूँ.

आणि मग आपली इंदू, जिले मी जन्मभर भोंगा म्हणत आलो, ती म्हणाली, पूर्णिमाताई, तुमची अष्टकं मले द्या. मी म्हणते. शेवटच्या खुर्चीले काय, शेजारच्या लॉनमधल्या लग्नाले ऐकवते. आणि माझी तुम्ही म्हणा. पूर्णिमाबाई हसल्या. फक्त एक अट घातली की स्क्रूले आता कोणीही हात लावायचा नाही. बरोबर झालं आहे, बरोबरच राहू द्या. सगळ्यांनी मान डोलावली. नरहरीभाऊंनी संध्याकाळी फोन करून विचारलं की वडाभाताले तेल कोणतं वापरणार. मी फोन ठेवला आणि गोदावरीसमोर रडलो, तुले म्हणून सांगतो.

लग्नात अंतरपाट धरला, इंदूनं पूर्णिमाबाईंची अष्टकं म्हटली. त्या माउलीचं नाव असं घुमलं की आचाऱ्यांनी झारे खाली ठेवले. नरहरीभाऊ डोळे पुसत होते, परागच्या मुंडावळ्या हलत होत्या. मग पूर्णिमाबाईंनी इंदूची म्हटली. (त्यात ‘पराग’शी यमक म्हणून बाग, जाग, राग आणि शेवटी वाघ आहे, आणि वधूवरांनी रोज पळायले जावं असा उपदेश.) तीही छान ऐकू आली, स्पष्ट. बाईंचा आवाज त्या दिवशी असा लागला की मंडळी वळून पाहत होती. सावधान झालं, अक्षता पडल्या, आणि माझ्या खांद्यावरचं ओझं कोणीतरी अलगद उतरवून नेलं. तू पाहिजे होती ताई. बाकी काही कमी नव्हतं.

औषधं वेळेवर घे. भाऊजींना जास्त पळवू नको.

तुझा,
श्यामकांत

ता.क. : एक लहानसं काम आहे, त्यासाठीच खरं तर लिहायले बसलो. आपला आवाज खुलला म्हणून पूर्णिमाबाई भलत्या खुशीत आहेत. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाले अमरावतीले येऊन राहिल्या आहेत, उतरणार तुझ्याकडे, आणि तुझ्या हॉलमध्ये माईकशिवाय गाणार आहेत. तुले सोबत म्हणा म्हणतील. ताई, हात जोडतो, तू म्हणू नको. तुझ्यापुढे इंदू काहीच नोहे. गुडघा दुखते म्हणून सांग. गाण्याशी गुडघ्याचा काय संबंध विचारलं तर जोरात कण्ह. आणि पंखा बंद ठेव.

ता.क. दुसरा : तुले त्यांचा आवाज खुलल्याचं खरं कारण सांगितलं पाहिजे. लग्नाच्या सकाळी मीच जाऊन त्यांच्या बाजूचा स्क्रू थोडा चढवला. मोजून ठेवलेल्याले हात लावायचा नाही हे मी प्लांटमध्ये सगळ्यांना बजावत आलो, पण राहवलं नाही. मांडवात हळूच परागले कबूल केलं तर तो कानात म्हणाला, ‘अंकल, मैंने भी.’ म्हणूनच एवढा आवाज आला. पत्र वाचून झालं की फाडून टाक, किमान त्या येण्याआधी.

ता.क. तिसरा : पाकीट बंद करणार तेवढ्यात गंधालीचा फोन आला. खुशीत आहे. मी तिले ही दोघांची चोरी हसत सांगितली. ती म्हणाली, बाबा, दोघांची नाही. हिरवा शालू आवरत आवरत डिकीपाशी मीही गेली होती.