पुरकायस्थ सुळका

१७ नोव्हेंबर
रोजनिशी सुरू. कुणालाही दाखवायची नाही. काकलीला तर नाहीच. बायको असली म्हणून काय झालं! अक्षर मुद्दाम गिचमिड काढतोय.
जानेवारीत आमच्या संस्थेत नवा इमेजिंग विभाग निघणार. प्रमुख एकच. एक तर मी, शशधर पुरकायस्थ, नाही तर शर्वाणी भादुडी. मी चोपन्न वर्षांचा, ती चाळिशीची. मला पुन्हा संधी नाही, तिला ढीगभर. मशीन मात्र दोघांत एकच. इथेच पाणी मुरतंय.
कॅन्टीनचा फिश चॉप आजपासून बंद. पोट साफ तर डोकं साफ.

१९ नोव्हेंबर
शर्वाणी म्हणाली, शशधरदा, चेहरा का उतरलाय, जेवलात का? हिला कशाला माझ्या जेवणाची चौकशी? मी जेवायला गेलो की मशीन मोकळं, म्हणून.
मशीनच्या खोलीवर पाटी आहे: लेझर चालू असताना दिवा बंद ठेवा. भलतीच सोयीची पाटी! अंधारात कोण काय उचलतंय, कुणाला दिसणार? तेव्हा ठरलं. कर्करोगाचे नमुने लावलेले असताना ट्यूबलाइट चालू ठेवायची. दाराच्या काचेतून आतलं सगळं दिसतं, अगदी कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावरूनही. निरोगी नमुने कोण चोरतंय? ते पाटीप्रमाणे अंधारात मोजेन. नियम म्हणजे नियम.
टेबल अडवायचं तर काहीतरी मागवावं लागतं. एक चॉप घेतला. पाळतीसाठी.

२४ नोव्हेंबर, दुपारी
डॉ. मोल्ला तोंडाच्या गाठी काढतात आणि त्यांचे पातळ काप आम्हाला काचेवर पाठवतात. आम्ही त्यावर हिरवा लेझर मारतो, परत आलेला उजेड मशीन मोजतं. प्रत्येक रेणूची खूण निराळी. आज कर्करोगाच्या कापात ४८४ या आकड्यावर असा सुळका उठला, की मी खुर्चीतून उठलो. पुस्तकं चाळली. कुठेही नाही! मग निरोगी काप लावला. सपाट मैदान.
जगात कुणी न पाहिलेला रेणू. नाव ठरवून टाकलं: पुरकायस्थ सुळका.
कुणाला सांगायचं नाही. मोल्लांना फोन करून नुसतं म्हटलं, काहीतरी मोठं आहे. ते म्हणाले, दादा, ऑपरेशन चालू असतानाच गाठ कुठवर आहे ते तुमच्या चित्रात दिसलं, तर लोकांचे जबडे उगाच कापावे लागणार नाहीत. माझे डोळे भरून आले. मी फोन ठेवला. लाइनवर तिसरं कुणी श्वास घेत होतं असं वाटलं.

१ डिसेंबर
घात! चॉप घ्यायला वळलो तेवढ्यात शर्वाणी खोलीत जाऊन आली. धावत गेलो. सुळका गायब! काय केलंस, विचारलं. साळसूद चेहऱ्याने म्हणाली, काही नाही दादा, दिवा राहिला होता, बंद केला. बस, एवढंच! नमुन्याला हात लावल्याशिवाय सुळका जाईल कसा? दिवा लावून सगळी काच तपासली, पुन्हा मोजलं. सुळका हजर. माझी चाहूल लागताच तिने घाईघाईने सगळं जागच्या जागी ठेवलं असणार. सराईत आहे.
दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

८ डिसेंबर
सुळक्याला लाल रंग देऊन पहिलं चित्र काढलं. काप लालभडक! इतका एकसारखा लाल, की बघत राहावं. कापाच्या बाहेरची नुसती काचसुद्धा लाल. म्हणजे रेणू झिरपतोय. फारच आक्रमक जात दिसते.
चिकटपट्टी कुणीतरी काढली. दुप्पट लावली.

१५ डिसेंबर
शर्वाणी म्हणाली, दादा, एकदा ग्राफ दाखवा ना, मला एक शंका आहे. शंका म्हणे! मी फाइल छातीशी धरून टॉयलेटमध्ये गेलो आणि ती जाईपर्यंत आत बसलो. बाहेर कुणीतरी म्हणालं, पुरकायस्थबाबूंचं पोट पुन्हा बिघडलं वाटतं. पसरवू देत.
घरी काकली वैतागली. उठता शर्वाणी, बसता शर्वाणी, प्रेमात पडलात का, म्हणाली. मी म्हटलं, संशयाला काही मर्यादा असते.

२२ डिसेंबर
ड्रॉवरच्या फटीत मिशीचा एक केस ठेवून गेलो होतो. आल्यावर पाहतो तर केस नाही. कुणीतरी ड्रॉवर उघडला! (नंतर चहात एक केस सापडला. तो माझाच असेल असं काही नाही.)

२५ डिसेंबर
शर्वाणीने सगळ्यांसाठी केक आणला. बाकीच्यांनी खाल्ला, कुणाला काही झालं नाही, मग मी खाल्ला. उत्तम होता. संशय वाढला.

७ जानेवारी, सकाळी
आज संस्थेसमोर प्रात्यक्षिक. कोट घातला. काकलीने त्यावर माकडटोपी चढवली, गारठा आहे म्हणाली. विभागप्रमुखाला माकडटोपी! कोपऱ्यावर जाऊन काढली. आज शर्वाणीचा चेहरा बघण्यासारखा होणार. परत आल्यावर सविस्तर लिहीन.

९ जानेवारी
परवा आल्यावर लिहिलं नाही, कालही नाही. ताप होता. थर्मामीटरमध्ये येत नव्हता, पण होता.
परवा झालं ते असं. आधी कर्करोगाचा काप लावला. पडद्यावर लालेलाल. टाळ्या. मग निरोगी काप लावणार, तेवढ्यात डायरेक्टर तरफदारसाहेब उत्साहाने उठले. जुना काप कशाला, माझ्याच गालाचं घ्या की ताजं, म्हणाले. मोल्लांनी त्यांच्या गालावरून काडी फिरवून काचेवर पुसली. शर्वाणी दिव्याच्या बटणाकडे निघाली. इतक्या गर्दीत अंधार! मी ओरडलो, शर्वाणी, खाली बस!
पडदा लालभडक.
मला वाटलं, सुळक्याचा याहून मोठा विजय नाही. मी साहेबांचा हात हातात घेऊन म्हणालो, सर, अभिनंदन, लवकर कळलं.
साहेब मटकन खाली बसले. पाणी मागितलं. त्यांचा पीए रडायला लागला. कुणीतरी त्यांच्या बायकोला फोन लावला. मोल्लांनी टॉर्च मारून तोंड तपासलं आणि म्हणाले, सर, एक दाढ किडली आहे, बाकी काही नाही.
तेवढ्यात शर्वाणीने दिवा बंद केला. पडदा काळा. लावला, लाल. बंद केला, काळा. पूजेच्या मंडपातली रोषणाई जणू! मग तिने हळू आवाजात सगळ्यांना सांगितलं, ४८४ म्हणजे ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याचा हिरवा उजेड. दिवा चालू असला की तो मशीनमध्ये शिरतो. कुणीतरी कोरी काच लावून पाहिली. लाल. मागच्या रांगेतल्या एका पोरीने चॉपचा तुकडा ठेवला. चॉपलाही कर्करोग.
सगळे हसले. मोल्ला हसले नाहीत. ते काचा डब्यात भरून निघून गेले. त्यांच्याकडे बघवेना.
तरी प्रश्न उरतोच: पाऱ्याचं हे शर्वाणीला इतकं नेमकं ठाऊक कसं?
(पुस्तक उघडलं. पाचव्याच पानावर आहे.)

१४ जानेवारी, पौष संक्रांत
ऑर्डर निघाली. इमेजिंग विभाग: प्रमुख, शर्वाणी भादुडी. वीज बचत समिती: अध्यक्ष, शशधर पुरकायस्थ. सदस्य अजून कुणी नाही.
दुपारी शर्वाणी डबा घेऊन आली. पाटिसापटा, म्हणजे गुळाचं सारण भरून गुंडाळलेलं धिरडं, घरी केलेलं. मी कुणाची वाट न पाहता खाल्ला. ती म्हणाली, दादा, माझंच चुकलं. मी गुपचूप दिवा बंद करायचे, तुम्ही लावायचात. आधीच नीट बोलायला हवं होतं. पण मला वाटायचं, तुम्हाला अंधाराची भीती वाटते. या वयात चारचौघांत कसं विचारणार हो? तुम्हाला वाईट वाटलं असतं.
मी काय सांगणार होतो? तुझ्यावर पाळत ठेवायला दिवा लावायचो म्हणून? लाज वाटली.
म्हटलं, हो गं, लहानपणापासूनच वाटते.
तिने पर्समधून एक छोटा टॉर्च काढून माझ्या हातात ठेवला. लेझर बंद असतानाच लावा हं, म्हणाली.
घेतला.