पाचवा श्रोता

हिलमार, कॅलिफोर्निया
१८ एप्रिल

चि. दुआर्ते यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. नाक मुरडू नकोस. दोनच वर्षांनी का होईना, मोठी आहे, तेव्हा ते घ्यावेच लागतील.

तुझं पत्र पोचलं. आत्याने ते फ्रिजवर चिकटवलंय आणि घरात पाऊल टाकेल त्याला वाचून दाखवते. नौदलाने ट्रेनिंगपुरते तुमचे फोन काढून घेतले हे बरंच झालं. नाहीतर तू जन्मात दोन पानं लिहिली नसतीस. फोटोतलं तुझं भादरलेलं डोकं बघून आत्या रडली. मी हसले, खोटं कशाला सांगू.

इकडे सगळं ठीक. तुझ्या लाडक्या तांबडीला कालवड झाली. सेराफिमकाकांच्या बँडची चर्चच्या उत्सवासाठी, फेस्तासाठी, तालीम सुरू झालीय, त्यामुळे रविवारी दुपारी शेजारी राहणं म्हणजे शिक्षा आहे. बाबा बरे आहेत. पाठ दुखते, पण सांगत नाहीत. बाकी तुला ते माहीतच आहेत.

आता खरी बातमी. बसून वाच, बसायची परवानगी असली तर. मला सॅन लुइसच्या विद्यापीठाने घेतलं. सिव्हिल इंजिनीअरिंगला, थेट तिसऱ्या वर्षात. आपल्या कम्युनिटी कॉलेजात मी इतकी वर्षं रखडत रखडत जे जे शिकले, ते त्यांनी जवळजवळ सगळं धरलं. फोनवर निकाल उघडला तेव्हा दुसऱ्या हातात दुधाची बाटली होती. वासराने ती हिसकून घेतली तरी मला पत्ता नाही. मग मी त्या वासराचा मुका घेतला. तेवढ्यात आत्या आली आणि तिला वाटलं, पोरगी बिघडली.

तर आत्याला कळलंय, आता तुला कळलं. बाबांना नाही. तू घरच्या पत्रात यातलं एक अक्षर लिहू नकोस.

का नाही सांगितलं म्हणून विचारशील. अरे, हे कॉलेज त्यांना चालतं. सकाळी वासरं पाजून जायचं, संध्याकाळी पाजायला परत. त्यांच्या हिशेबात कॉलेज म्हणजे दोन पाजण्यांच्या मधली माझी करमणूक. सॅन लुइस तीन तासांवर आहे. तिथून संध्याकाळची वासरं पाजता येत नाहीत. आणि माणूस ठेवा म्हणावं, तर ज्या माणसाने एक दिवस गोठा सोडलेला नाही, जो आपल्या आईच्या मयतीलाही सकाळच्या धारा आटपूनच आला, त्याला हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

शिवाय प्रवेश अजून पक्का नाही. एक विषय अडलाय, आणि तू हसणार आहेस: भाषण. चारचौघांसमोर उभं राहून बोलायचा विषय. घरात माझी टकळी बंद होत नाही, पण दहा माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी बोबडी वळते. म्हणून तो विषय मी पुढे ढकलत ढकलत अगदी शेवटच्या सहामाहीवर आणला, आणि वर शहाणपणा असा की ऑनलाइन घेतला. म्हटलं, खोलीत बसून भिंतीशी बोलू, संपला विषय. नियम वाचले आठवडाभराने. शेवटचं भाषण समोर पाच प्रौढ माणसं बसवून करायचं. पाचही जण कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी उठायचं नाही, मध्ये कुठे कापायचं नाही. उठलं कोणी तर ते भाषण बाद. आणि भाषणही असं, की त्याने समोरच्याचं मत बदललं पाहिजे. गाई चालतील का म्हणून बाईंना विचारलं, नाही म्हणाल्या.

भाषण नाही झालं तर विषय नाही. विषय नाही तर सॅन लुइस नाही.

माणसं हेरून ठेवलीत: आत्या, आपल्या गोठ्यावर कामाला असलेला एव्हरार्दो, सेराफिमकाका, नतालियाकाकू आणि दुधाच्या टँकरवरचा वेंडेल. भाषणाचा विषय अगदी निरुपद्रवी घेतलाय, ‘गोठेवाल्याने वर्षातून एकदा तरी सुट्टी घ्यावी.’ त्यात कोणाचं काय जातंय?

जेवत जा. रात्री पाय दुखले तर कोमट पाण्यात घाल, देत असतील तर.

तुझी,
ताई


हिलमार
१७ मे

चि. दुआर्ते,
आशीर्वाद वगैरे सगळं मागच्या पत्रातलंच धर, मला धीर नाही. झालं भाषण. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

परवा दुपारी, दोन धारांच्या मधे, मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. त्याच संध्याकाळपर्यंत भाषण पाठवायचं होतं. आत्या चर्चचा निळा झगा घालून आली. मी म्हटलं, अगं, लोकांनी मला बघायचंय, तुला नाही. ती म्हणाली, कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे हा नियम कोणी सांगितला? एव्हरार्दो नवी टोपी घालून आला. सेराफिमकाका चार चार वेळा भांग पाडत होते आणि नतालियाकाकू त्यांना चिमटे काढत होत्या. गोड पाव आणि भाजलेले सॉसेज आधीच फस्त झाले होते. सगळं जमलं, आणि वेंडेलचा फोन आला. टँकरचं टायर फुटलंय, हायवेवर उभा आहे, येत नाही.

चारच माणसं. आणि नेमके बाबा कॉफीचा कप घेऊन गोठ्याच्या दारातून बाहेर आले. हे काय चाललंय म्हणाले. मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, पोरीच्या कॉलेजचं आहे, बस इथं, एक माणूस कमी पडतोय. ते बसले. कप मांडीवर ठेवून, जनावरांच्या डॉक्टरकडे बसतात तसे. मी कॅमेरा सुरू केला, कारण बंद ठेवून तरी काय करणार होते?

पहिली दोन मिनिटं मी कागदाकडे बघून बोलले. गाईला माणसापेक्षा वेळेची सवय असते, नवा हात लागला म्हणून दूध आटत नाही, पाठीला विश्रांती नसेल तर गोठेवालाच आधी मोडतो, असं सगळं. तेवढ्यात बाबा बोलले. श्रोत्याने बोलायचं नसतं, पण त्यांना कोण सांगणार?

“सुट्टी घेऊन जायचं कुठं?”

साधा प्रश्न होता रे. माझ्या कागदावर त्याचं उत्तरही होतं, समुद्रकिनारा वगैरे लिहून ठेवलं होतं. पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि कागद कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, “मी सॅन लुइसला जातेय, बाबा. ऑगस्टमध्ये. विद्यापीठाने घेतलंय मला.”

मग बाबा खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला लागले. आत्याने त्यांची बाही धरली आणि दातातल्या दातात म्हणाली, “उठलास तर पोरीचं वर्ष गेलं. बस.”

ते बसले. दुआर्ते, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला जागेवर बसून माझं पुरतं ऐकावं लागलं. गोठा नाही, फोन नाही, ट्रॅक्टर नाही. मग मी बोललेच. म्हटलं, माझ्यावाचून तुमचं अडतं हे मला आवडायचं, अजून आवडतं. पण कालव्याच्या दारापाशी उभी राहिले की हे पाणी कोणी आणलं, कसं वळवलं, एवढंच माझ्या डोक्यात येतं, आणि ते शिकायला मला जायचंय. तुमच्यावर रुसून नाही. तुम्ही मला पहाटे उठायला शिकवलंत म्हणूनच मी तिथवर पोचले. माझी बोबडी वळली नाही. रडले मात्र, ते रेकॉर्डिंगमध्ये आहे.

बाबा कपात बघत म्हणाले, “आधी तो गेला. आता तू.”

इथं मला तुझी माफी मागायला हवी, कारण मागच्या पत्रात मी बाबा बरे आहेत एवढंच लिहिलं आणि पुढं सरकले. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. आत्या तुझं पत्र वाचायला लागली की त्यांना गोठ्यात काहीतरी काम निघायचं. तुला तिथं परेडच्या रगाड्यात हे कळून काय करायचं होतं, म्हणून नाही लिहिलं.

मी म्हटलं, “तो कोण, बाबा?”

एव्हरार्दोने टोपी काढून हातात घेतली. सेराफिमकाकांचा कंगवा खाली पडला तरी त्यांनी उचलला नाही.

“दुआर्ते,” बाबा म्हणाले. आणि पुन्हा एकदा, “दुआर्ते.”

भाषणाच्या शेवटी श्रोत्यांना हात वर करायला सांगायचं असतं, कोणाकोणाला पटलं म्हणून. मी विचारलं. आत्याने दोन्ही हात वर केले. बाकीचे तिघेही लगेच. बाबांनी केला नाही. मला म्हणाले, आधी दोन दिवस गोठा एव्हरार्दोवर सोडून बघतो. सगळं जागच्या जागी राहिलं, तर तुझं सामान मी स्वतः गाडीत भरीन. आत्याने विचारलं, आणि दोन दिवस तू करणार काय, छताकडे बघत बसणार?

“दुआर्तेची ती ट्रेनिंग संपल्याची परेड कधी आहे?” ते म्हणाले. मग त्यांनी हात वर केला.

गुण कमी मिळाले. वेळ दुपटीने ओलांडली म्हणून कापले, आणि एक श्रोता भाषणात फार बोलला असा बाईंनी शेरा मारलाय. पण पास झाले. विषय सुटला, प्रवेश पक्का झाला.

आणि आज सकाळी वासरांपाशी गेले, तर एव्हरार्दोची पुतणी बादली घेऊन उभी. बाबा तिला बाटली कशी धरायची ते दाखवत होते. मी म्हटलं, अजून तुमचे दोन दिवस व्हायचेत की, एवढी घाई कसली? ते म्हणाले, “ऑगस्टला वेळ किती राहिलाय? शिकायला हवं ना तिला.” माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही, नाहीतर दोघांचीही पंचाईत झाली असती.

विमानाची तिकिटं काढलीत. बाबा आजवर विमानात बसलेले नाहीत. खिडकी उघडते का म्हणून सेराफिमकाकांना गुपचूप विचारून आले. आत्या येत नाही. म्हणते, एव्हरार्दोवर कोणीतरी नजर ठेवायला हवी. एव्हरार्दो म्हणतो, नजर ठेवायला की माझं डोकं खायला? भेटल्यावर बाबा तुला काय बोलतील, मला ठाऊक नाही. कदाचित जेवण कसं असतं एवढंच विचारतील. तू त्यावर सविस्तर सांग.

परेडमध्ये मान वळवायची नसते म्हणतात. तू वळवू नकोस. गर्दीत आम्ही कुठं आहोत ते शोधू नकोस. आम्ही आलेलो असू, आणि बाबा शेवटपर्यंत उठणार नाहीत.

तुझी ताई,
इदालिना