निचरा

लातूर,
बुधवार, २२ जानेवारी २०२५

चि. गंगा,
तुझ्या अक्काचा आशीर्वाद, आणि घरातल्या सगळ्यांना माझं शरणु-शरणार्थी.

तुझ्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? थंडीत तेल लावून शेकत जा. इकडं सगळं ठीक. ह्यांचं ऑपरेशन नीट झालं, उद्या दवाखान्यातून सुट्टी मिळणार आणि आम्ही उदगीरला जाणार. तुझी वर्षाराणी माझ्यापाशी राहिली, मला बळंबळं जेवू घातलं. पोरीला चांगलं वळण लावलंस. ती आज नांदेडला परत निघाली आहे, तिच्याच हाती ही चिठ्ठी देते. रविकिरण औषधं आणायला खाली गेलाय आणि हे झोपलेत, तेवढ्यात लिहून घेते.

फोन का केला नाही म्हणशील. घरातला फोन ह्यांच्या खिशात असतो. तुझा फोन आला की आवाज मोठा करून तो मधे ठेवतात आणि समोर बसून राहतात. म्हणून तर मी तुला जेवण झालं का, पाऊस आहे का, याच्या पलीकडं काही विचारत नव्हते.

आधी आजाराचं सांगते. दसऱ्याच्या सुमारास हे दुकानाच्या अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरायला गेले आणि डोकं आपटलं. टेंगूळ आलं, ते बसलं, आम्ही विसरून गेलो. पण ह्यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी इथं समजावून सांगितलं, की अशा माणसाच्या डोक्यात बारीकशी शीर तुटली तरी कवटी आणि मेंदूच्या मधल्या जागेत रक्त झिरपत राहतं. बाहेरून कुणाला कळत नाही. साचत साचत ते मेंदूला दाबतं आणि माणूस हळूहळू बदलतो.

हे बदलले, गंगा. दिवाळीनंतर सदऱ्याच्या गुंड्या खालीवर लावायला लागले. दुकानातून मधेच उठून घरी यायचे. आवाज खाली आला. आणि एक दिवस दाराला कडी घालायची विसरले.

कोणती कडी, ते तुला सांगायला पाहिजे. सासूबाई गेल्यापासून हे दुकानाला जाताना दाराला बाहेरून कडी लावून जातात. रविकिरण पुण्याहून आलेला असला की लावत नाहीत. तुला मी दरवेळी कामातून सवड होत नाही असं कळवत आले. तुझे मालक माणिकप्पा गेले तेव्हा मी तुझ्या घरी आले आणि तुझ्या डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत उठून गेले, त्याचा राग तू अजून धरून आहेस, आणि तो तू धरावासच. पण त्या वेळी खाली कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं ना, ते हे होते.

तर त्या दिवशी कडी लागली नाही. मी दाराच्या आतच लई वेळ उभी राहिले. मग गल्लीच्या तोंडाशी गेले, गाडेवाल्याकडून पेरू घेतले आणि परत आले. बघते तर हे उंबऱ्यावर बसलेले. मी पेरू पदराखाली घेतले. हे म्हणाले, "मला एक दे की. तूबी बस." तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आम्ही दोघांनी पेरू खाल्ले. खाताखाता म्हणाले, "तुझ्या बहिणीकडं जाऊ आपण. लई दिस झाले, तू गेली न्हाईस."

मला वाटलं, वय झालं, माणूस निवला. पुढं कडी लागलीच नाही. मी शेजारी शिवणाच्या मशीनवर बसायला जायला लागले. हे मला जेवलीस का म्हणून विचारायचे. एवढी वर्षं संसार करून मी त्या थंडीत पहिल्यांदा सुखानं झोपले, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग ह्यांचा डावा पाय ओढला जायला लागला. एका सकाळी हातातली कपबशी निसटली आणि बोलणं तोंडातल्या तोंडात घोटाळायला लागलं. मी तशीच शेजारी धावले, तिथून रविकिरणला फोन केला. तो गाडी घेऊन आला आणि आम्ही इथं पोचलो.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. मेंदूच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी जागा, ते सगळं साचलेलं जुनं रक्त. कवटीला दोन बारीक भोकं पाडायची, ते धुऊन काढायचं आणि उरलेलं निघून जायला आत एक नळी ठेवायची, असं त्यांनी सांगितलं. नाही केलं तर बेशुद्ध होतील, मग हाती काही राहणार नाही. मी विचारलं, "ह्यांचा स्वभाव बदललाय, त्येबी ह्याच्यानंच का?" डॉक्टर भला माणूस, मला धीर द्यायला हसून म्हणाले, "हो मावशी. दाब निघाला की अगदी पहिल्यासारखे होतील."

संमतीच्या कागदावर माझ्या हातातला पेन थांबला. रविकिरणला वाटलं आई घाबरली. त्यानं पाठीवर हात ठेवला. मी सही केली. कुणी मरावं असं मला कधी वाटलं नाही, ह्यांनी तर नाहीच.

ऑपरेशननंतर ह्यांच्या डोक्यातली नळी खाटेच्या खाली टांगलेल्या पिशवीत सोडलेली होती. पिशवी वर उचलायची नाही, ह्यांना उशी द्यायची नाही, एवढं बघायला मला बसवलं. त्या नळीतून काकवीसारखं काळपट काहीतरी उतरत होतं. सिस्टर येऊन बघायच्या, "छान निचरा होतोय" म्हणायच्या, मी मान हलवायची. पण गंगा, जितकं ते पिशवीत उतरत होतं, तितके हे परत येत होते. पेरू मागणारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत त्या पिशवीत चालला होता. नळी मुठीत आवळून धरावी असं माझ्या मनात आलं. मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले.

नळी काढली, हे उठून बसले. बोलणं स्वच्छ झालं. चहा गार आणला म्हणून पोऱ्याला नाही, मला बोलले. रविकिरणकडून फोन मागून घेतला. मग मला विचारलं, घर उघडं टाकून आलीस का. सगळे म्हणाले, बघा, कसे खडखडीत झाले.

काल मी रविकिरणला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि कडीचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, आत्ता हा विषय नको. पुन्हा रक्त साचू शकतं म्हणालेत. बाबांना त्रास होईल असं काही बोलू नको." म्हणजे आता मी तोंड उघडलं आणि ह्यांना काही झालं, तर ते माझ्यामुळं. कडी दाराला होती ती बरी होती म्हणायची.

तरी मी मनाची समजूत घातली होती. आजारातलं ह्यांना काही आठवत नसेल, मग ह्यांचा तरी काय दोष? संध्याकाळी वाटीत पेरूच्या फोडी घेऊन जवळ बसले आणि म्हटलं, "आपण उंबऱ्यावर बसून खाल्ले होते, आठवतं का?" हे म्हणाले, "आठवतंय सगळं. चार लोकांनी बघितलं असंल. पुन्हा त्याचं नाव काढायचं न्हाई."

ह्यांना सगळं आठवतं, गंगा. आठवत असून हे परत कडीकडंच निघालेत. माझ्याजवळ बसले होते, त्याची ह्यांना शरम वाटते. मी वाटी तिथंच ठेवून उठले. रडू आलं नाही.

तर मी असं ठरवलंय. उद्या ह्यांच्याबरोबर उदगीरला जाईन. जखम ओली असताना माणूस टाकून मला यायचं नाही. पुढच्या आठवड्यात टाके काढायला इथं लातूरला आणायचंय. टाके निघाले, डॉक्टरांनी बरं आहे म्हटलं, की ह्यांना रविकिरणच्या हवाली करीन आणि इथूनच नांदेडच्या बसमध्ये बसेन. ह्यांना तोंडावर सांगूनच निघेन. पळून जायचं माझं वय नाही, आणि मी कुणाचं काही चोरलेलं नाही.

मला जमेल का, माहीत नाही. हे समोर उभे राहिले की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून टाके काढायच्या दिवशी वर्षाराणीला पुन्हा इथं पाठव, तारीख तिला ठाऊक आहे. तिनं काही बोलायची गरज नाही. नुसती माझ्या बाजूला उभी राहू दे.

हे जागे झाले, हाक मारताहेत.

आठवड्यापुरती उदगीरची,
तुझी अक्का