सत्तेचाळिसाव्या पानावरची शेळी

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. तुम्ही पाठवलेली पुस्तकांची खोकी जिन्यावरून वर नेताना पाठीत जी उसण भरली, ती अजून मला सरळ होऊ देत नाही. तक्रार नाही, आपली माहिती म्हणून सांगितलं.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? झोप लागते ना नीट? आणि रक्तदाब? रक्तदाबाचं मी उगीच विचारत नाहीये. मामींकडून एकदा मोजून घ्या, आकडा बरा आला तरच पुढचं वाचा, नाहीतर उद्या वाचा. इकडे आम्ही सगळे मजेत. आई मजेत, बाबाही मजेत. फक्त बाबांनी नवीन छंद म्हणून घरातल्या एकूण एक कड्याकोयंड्यांना तेल घालायला घेतलंय, त्यामुळे कुठल्याही दाराला हात लावायची सोय राहिलेली नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. राग मानू नका मामा, पण तुम्हाला फोन करणं म्हणजे तुमचं ऐकणं. मागच्या खेपेला मी तुमच्या कादंबरीबद्दल दोन शब्द सांगायला फोन केला होता. फोन ठेवला तेव्हा मला कादंबरीच्या दुसऱ्या भागाचा आराखडा तोंडपाठ झाला होता आणि माझे दोन शब्द माझ्याच तोंडात राहिले होते. पत्राचं बरं असतं, मध्येच कोणाला बोलता येत नाही.

तर तुमच्या कादंबरीबद्दल. पण त्याआधी वाचनालयाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुमचा गैरसमज होईल. (नमनाला घडाभर तेल म्हणाल. घरातलं बाबांनी संपवलंय, तेव्हा थोडक्यातच आटोपते.) आमचा किशोर विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. आमचे मुख्य ग्रंथपाल खालच्या मजल्यावर बसतात, आणि ज्या वाचनालयात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते ते उत्तम चाललेलं वाचनालय, असं त्यांचं मत आहे. मी आल्यापासून वर मुलं यावीत म्हणून काय काय केलं! गोष्टींचा तास ठेवला, तर दोन मुलं आली, त्यातलं एक बाथरूम शोधत आलं होतं. पुस्तकांची अदलाबदल ठेवली, तर सगळ्यांनी घरातली जुनी गाइडं आणून टाकली आणि मोकळ्या हातांनी पसार झाली. कार्यकारी समितीत दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं, की त्यापेक्षा खुर्च्याच बऱ्या होत्या. तेव्हा मी शेवटचा उपाय म्हणून मुलांचं परीक्षक मंडळ काढलं. वर्षभरात मुलांसाठी आलेल्या नव्या कादंबऱ्या मुलांनीच वाचायच्या, मुलांनीच भांडायचं आणि मुलांनीच आवडती ठरवायची. मोठ्यांना मत नाही. मोठ्यांनी पाणी भरून ठेवायचं.

अकरा ते चौदा वयाची नऊ मुलं जमली. पहिल्याच बैठकीत त्यांनी पन्नास पानांचा नियम केला. कुठल्याही कादंबरीला पन्नास पानं द्यायची. पन्नासाव्या पानावर पुस्तक उपडं ठेवून हात वर करायचे, आणि पुढे वाचावंसं कोणालाच वाटत नसेल तर पुस्तक मिटलं. क्षमायाचना नाही, दुसरी संधी नाही. भले भले लेखक त्या पन्नासाव्या पानावर आपटले. एका कादंबरीत नुसतं धुकंच इतकं होतं, की पन्नास पानं झाली तरी माणूस दिसेना. मंडळात एक बारा वर्षांचा मुलगा आहे, त्याला सगळे म्हातारबुवा म्हणतात, कारण तो बोलण्याआधी घसा खाकरतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. तो म्हणाला, आमच्यानं आता पुढे चालवत नाही. आणि मिटलं पुस्तक.

अशा कसायांच्या हातात मला माझ्या सख्ख्या मामांची कादंबरी द्यायची होती. तुम्ही निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून लिहिलेली, स्वतःच छापून घेतलेली, चाळीस प्रतींसह पाठवलेली ‘घडवू स्वतःला घामाने’. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस, तुम्ही वजनात खोट खपवून घेणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी वशिला लावला नाही. पुस्तक कोणाचं आहे तेही मुलांना सांगितलं नाही. नुसतं टेबलावर ठेवलं, पाणी भरलं आणि कोपऱ्यात जाऊन चेहरा सरळ ठेवून बसले.

आता मन घट्ट करा मामा. सुरुवात चांगली झाली नाही. तुमचा नायक पहाटे उठतो, गार पाण्यानं आंघोळ करतो आणि एका आजीबाईंना रस्ता ओलांडायला मदत करतो. पुढच्या प्रकरणात पुन्हा पहाटे उठतो, पुन्हा आंघोळ, पुन्हा आजीबाई. तिसऱ्या प्रकरणातही तेच. तुमच्या मनात त्या तीन वेगवेगळ्या आजी असतील, पण मुलांचं म्हणणं पडलं की बाई एकच आहे, तिला घरी परत जायचंय आणि हा मुलगा तिला दर वेळी उलट्या बाजूला नेऊन सोडतोय. चाळिसाव्या पानापर्यंत दोघंजण टेबलावर डोकं टेकून झोपले होते. म्हातारबुवा खिडकीतून बाहेर बघत होता. मी मनातल्या मनात तुम्हाला लिहायच्या पत्राची जुळवाजुळव करत होते, आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटत होतं. सहा वर्षं म्हणजे थट्टा आहे का?

आणि मग सत्तेचाळिसाव्या पानावर शेळी आली. आठवते ना तुम्हाला? (आठवत नसणार. तोच तर सगळा घोळ आहे.) तुमचा नायक वक्तृत्व स्पर्धेला निघालेला असतो आणि रस्त्याच्या मधोमध एक चुकलेली शेळी उभी असते. गाड्या येताहेत, जाताहेत. हा धावतो, तिला बाजूला घेतो, कमरेचा पट्टा काढून शाळेमागच्या दिव्याच्या खांबाला बांधतो, तिच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘इथंच थांब हं, मी आलोच.’ मग तो आत जातो आणि भाषण सुरू करतो. पन्नासावं पान आलं तेव्हा भाषण नुकतंच रंगात आलेलं होतं. पुस्तकं उपडी झाली. एकही हात वर नाही. म्हातारबुवा घसा खाकरून उभा राहिला, आणि तेवढ्यात मंडळातली चष्मेवाली, जी मुलगी वर्षभरात पाणी मागण्यापलीकडे एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, ‘आणि शेळी?’

झालं! नऊ हात वर गेले. शेळीला सोडल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही असं ठरलं. पुढच्याच पानावर सोडेल, असं मलाही वाटत होतं. पण मामा, तुमचा नायक स्पर्धा जिंकतो, ढाल घेतो आणि शाळेच्या पुढच्या दारानं घरी जातो! पुढच्या दारानं! मग परीक्षेत पहिला येतो. मग शिकायला दुसऱ्या गावी जातो. मुलं पानांवर बोट फिरवत शेळी शोधत सुटली. तुमचा पूर वाचला, साथीचा रोग वाचला, प्रामाणिकपणावरची तिन्ही भाषणं वाचली. (एक ओळ सोडली नाही हो, न जाणो शेळी भाषणातच निघायची.) नायक कोणाला मदत करायला वाकला रे वाकला, की सगळे एका सुरात ओरडायचे, ‘आणि शेळी?’ पूल बांधायच्या प्रकरणात तो पंख मोडलेल्या पाखरासाठी ढसाढसा रडतो, तेव्हा तर असा गदारोळ झाला, की मुख्य ग्रंथपाल आयुष्यात पहिल्यांदा जिना चढून वर आले. मला वाटलं, आता खुर्च्या आल्याच. त्यांनी काय झालं ते विचारलं, एक प्रत बगलेत मारली आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढत होते तेव्हा ते जिन्यात माझी वाट बघत उभे होते. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, ‘सापडली का हो?’

नाही सापडली. तीनशे बारा पानं संपली, नायक बेचाळीस वर्षांचा झाला, गळ्यात हार पडले, आणि शेळी आपली खांबालाच. मग जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. भिंतींवर चित्रं लागली. खांब नेमका कुठे असेल याचा नकाशा निघाला. शाळेतून शाळेत बातमी गेली आणि तुमच्या चाळीसच्या चाळीस प्रती घरोघर गेल्या. आता पुस्तकासाठी मुलं नंबर लावून बसतात, आणि कोणी पानं गाळून वाचली तर बाकीची त्याला उलटतपासणी घेऊन पकडतात. आम्ही पशुवैद्यांचं व्याख्यान ठेवलं. बिचारे लसीकरणावर बोलायला आले होते. त्यांना एकच प्रश्न सतरा तऱ्हांनी विचारला गेला. शेवटी ते म्हणाले, शेळी चामड्याचा पट्टा सहज चावून तोडते, ती केव्हाच निघून गेली असेल. मुलांना पटलं नाही. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही म्हणाली. बाबा मला डबा द्यायला आले होते. ते गमतीत ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ असं बोलून गेले, तर सगळी मुलं त्यांच्याकडे अशी बघायला लागली की ते डबा तसाच घेऊन परत फिरले.

आता निकाल. लपवत नाही, तुमच्या कादंबरीला पहिला मान मिळालेला नाही. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन बहिणींच्या कादंबरीला मिळाला, आणि ती खरंच छान आहे, मी तुम्हाला पाठवते. तुमच्याबद्दल मंडळानं असं लिहून दिलंय, की हे पुस्तक संपलेलं नसल्यामुळे त्यावर निर्णय देता येत नाही. मामा, तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतंय. मागे बाबांनी एक प्रकरण गाळा म्हणून सुचवलं, तेव्हा तुम्ही तडक फिरायला निघून गेलात आणि परत येऊन दोन प्रकरणं वाढवलीत. पण माझ्या डोळ्यांनी मी जे पाहिलं ते सांगते. वरच्या मजल्यावर आता बसायला जागा नाही. समितीनं मोडक्या खुर्च्या दुरुस्तीला पाठवल्यात, मुलांना बसायला! हे तुमच्या पुस्तकानं केलं. मला तुमचा अभिमान वाटतो, आणि हे मी भाची म्हणून म्हणत नाहीये, पाठ धरलेली नोकरदार बाई म्हणून म्हणतेय.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा. थोरांना मान आणि लहानांना पापे वगैरे नेहमीचं तुम्ही समजून घ्या, माझा हात दुखायला लागला.

तुमची (अजूनही असेन तर) लाडकी
भाची

ता. क. – मूळ काम राहिलंच. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी समारंभ आहे. तोवर शेळी सोडल्याचं एक प्रकरण लिहाल का? चार पानं पुरे. आणि स्वतः येऊन वाचून दाखवाल का? नाही म्हणू नका, कारण ‘लेखक येणार, शेळी सुटणार’ असा फलक मी कालच दारावर लावलाय.

ता. क. दुसरा – शेळीला मारू नका. मी तुम्हाला ओळखते. या कादंबरीत आजोबा, शेजारी आणि कुत्रा असे तिघं आधीच गेलेत, आणि तिघंही नायकाला काहीतरी शिकवून. शेळीनं कोणाला काही शिकवायची गरज नाही.

ता. क. तिसरा – पाकिटाला डिंक लावत होते, तेवढ्यात मामींचा फोन आला. म्हणजे मी इतकं जपून, रक्तदाब सांभाळून लिहिलेलं सगळं पाण्यात! पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘अभिप्राय अवश्य कळवावा’ म्हणून तुम्ही पत्ता छापलात, आणि त्या नऊ जणांनी मला न विचारता परस्पर तुम्हाला लिहिलं, निकालासकट, आणि वर शेळी सोडा म्हणून. कार्टी! मामी सांगत होत्या, की ते वाचून तुम्ही बराच वेळ चष्माच पुसत बसलात. त्यांना वाटलं, झालं, आता हे फिरायला जाणार. तर तुम्ही म्हणालात, ‘अगं, कोणीतरी शेवटपर्यंत वाचलंय.’ मामा, हे ऐकलं आणि मी कपाटाआड जाऊन रडले. या हो तुम्ही, लवकर या. दोन दिवस आधीच या. पण मामी असंही म्हणाल्या, की प्रकरण साठ पानांवर गेलंय आणि शेवटी शेळी जमलेल्या लोकांपुढे सहनशीलतेवर भाषण करते. तुमच्या पाया पडते मामा, तिला बोलायला लावू नका. नुसती सोडा.