ज्या घरांतून धूर निघत नाही

मी, चंद्रभान तानबाजी ढगे, वय वर्षे अडुसष्ट, राहणार मौजे देवळी, तहसील व जिल्हा वर्धा, पूर्वी येथील कापसाच्या जिनात मिस्त्री, हल्ली कोणाच्याही नोकरीत नाही, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, आणि सकाळी पोटभर जेवून मगच लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की माझा पुतण्या हरिदास हिंगणघाटास चारचौघांत "काकाजी चळले" असे बोलतो, हे माझ्या कानी आले आहे. तरी नमूद करतो की मागच्याच आठवड्यात मी भिंतीवरचे घड्याळ पूर्ण खोलून परत बसवले. ते चालते, आणि एकही स्क्रू उरला नाही. ज्याला शंका असेल त्याने आपले घड्याळ खोलून पाहावे.

कलम १. मला मूलबाळ नाही. पत्नी सुमित्रा सन १९५३ च्या दिवाळीनंतर वारली. वारस म्हणावा असा हरिदास एकटाच. त्यास माझे आंजीकडचे तीन एकर शेत, विहिरीतल्या हिश्शासह, देत आहे. शेत चांगले आहे. पोरगाही वाईट नाही. फक्त सुमित्राच्या तेरवीच्या दिवशी तो घरभर नजर फिरवून म्हणाला होता, "काकाजी, आता एकट्या जिवाले काय लागते?" त्याचे उत्तर आता लिहून ठेवतो. एकट्या जिवाला दोन वेळा भूक लागते.

कलम २. माझे राहते घर, पडवी, स्वयंपाकघर, परसातली विहीर व लिंबाचे झाड, हे सर्व मी श्रीमती मनकर्णाबाई श्रावणजी थूल, वय सुमारे बासष्ट, धंदा सुईणपण, यांस मालकी हक्काने देत आहे. या कलमावर हरिदास कोर्टात जाईल, म्हणून खुलासा सविस्तर करतो. न्यायाधीश साहेबांनी कंटाळू नये.

तीस वर्षे मी जिनातला बॉयलर पेटवला, पण घरची चूल मला कधी पेटली नाही. सुमित्रा गेल्यावर दोन-चार दिवस फुंकून पाहिले. धुराने डोळे भरले, ते सुमित्रासाठी भरले असे शेजाऱ्यांना वाटले. मग मी चूल सोडली. दातही एकेक करून सोडून गेले होते, त्यामुळे फुटाणे, मुरमुरे आणि वाळकी भाकरी यांचा प्रश्न आपोआप मिटला. उरला गुळाचा चहा आणि दुकानातला टोस्ट. दीड वर्ष मी त्यावर काढले. मात्र अब्रूची काळजी होती. दुपारी बाराच्या ठोक्याला मी ताट, वाटी, तांब्या यांचा मोठा आवाज करीत असे, पाट सरकवीत असे, आणि शेवटी बाहेर येऊन सर्वांना दिसेल अशी चूळ भरीत असे. कोणी विचारले तर सांगे, "झालं जेवण, आज वांगे होते."

सन १९५५ च्या वैशाखात विहिरीवर पाणी काढताना मला भोवळ आली आणि मी पडलो. माझ्या परसामागे बोळ आहे. बोळापलीकडे मनकर्णाबाईचे घर. अर्धी देवळी तिच्या हातावर जन्माला आली आहे. ती धावत आली. तिने माझी पापणी खाली ओढली, नखे दाबून पाहिली आणि म्हणाली,

"मिस्तरी, तुम्हाले रोग नाई. तुम्हाले भूक आहे."

"मी आत्ताच जेवलो," मी म्हणालो.

"रोज भांडे वाजतात तुमच्या घरी, मी आयकतो. पन धूर काऊन निघत नाई?"

यावर मला वांग्याचे काही सांगता आले नाही.

ती जेवण आणते म्हणाली. मी नाही म्हणालो. फुकटचे खाणारा नव्हे, असे कारण दिले. ते अर्धेच कारण होते. तिच्या हातचे आमच्या घरात कोणी खाल्ले नव्हते, हे उरलेले अर्धे मी बोललो नाही. ते तिला कळले. तशी कारणे ओळखायची तिला जन्मभराची सवय होती. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या दाराचा मोडका कोयंडा घेऊन आली. "हा बसवून द्या. मजुरीत जेवन," म्हणाली. ज्वारीच्या कण्या अगदी मऊ शिजवलेल्या, तुरीचे वरण, मेथीची पातळ भाजी, लिंबाची फोड. पहिला घास घेताना मी दाराकडे पाहिले. दुसरा घेताना पाहिले नाही.

त्यानंतर तिच्या घरातल्या वस्तू झपाट्याने मोडू लागल्या. कंदिलाचा कान, झाऱ्याचा दांडा, पेटीचे बिजागर. मी मिस्त्री आहे. आपोआप मोडलेले बिजागर कसे दिसते आणि दगडाने ठेचलेले कसे दिसते, हा फरक मला कळतो. मी गप्प राहिलो, कारण त्या दिवशी जवसाची चटणी होती.

महिनाभरात अंगात इतकी ताकद आली की पावसाळ्याआधी कवेलू फेरायला मी स्वतः छपरावर चढलो. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. सगळ्या गावाच्या छपरांतून धूर निघत होता. चार घरांतून निघत नव्हता. चारही घरे माझ्या ओळखीची होती आणि चारही घरांत म्हातारे माणूस एकटे होते. त्यांतल्या प्रभाकरराव मास्तरांच्या घरातून भांड्यांचा जोरदार आवाज येत होता. मी कवेलू तसेच टाकून खाली उतरलो आणि मनकर्णाबाईला सांगितले. ती म्हणाली, "घ्या! मले वाटलं, तुम्हीच एकटे हुशार आहा."

तेव्हापासून माझ्या घरात चूल पेटते. रांधते ती, आणि तिच्या हाताखाली मी निवडणे, चिरणे, दळणे करतो. आज अकरा घरी डबा जातो. ज्याच्याकडे तूर आहे तो तूर देतो, ज्याच्या परसात पालक आहे तो पालक देतो, ज्याच्याकडे काही नाही तो गोष्टी सांगतो. बिनदातांच्या लोकांसाठी मी शिवणयंत्राच्या जुन्या चाकावर भाकरी भरडायचे यंत्र केले. त्यातून भाकरीचा भुगा निघतो, त्यावर ताक नाहीतर गरम वरण. मास्तर म्हणत, या यंत्राला सरकारने बक्षीस द्यावे. मास्तर मागच्या आषाढात गेले. एक्याऐंशी वर्षांचे होते. दुपारी डबा संपवला, वरण जरा आणखी हवे होते असे म्हणाले आणि पडल्या जागी गेले. उपाशी गेले नाहीत.

तर घर यासाठी. या कलमात मी आधी अट लिहिली होती, की बाईंनी घरात म्हाताऱ्यांसाठी रांधणे चालू ठेवावे, अन्यथा घर परत जाईल. काल तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मी काय तुमच्या अटीवर रांधत होती काय, मिस्तरी?" अट खोडली आहे. घर तिचे. तिने रांधावे, भाड्याने द्यावे, नाहीतर आत म्हशी बांधाव्या.

कलम ३. शिकंजा, पाने, कानशी, हातोड्या व सायकल ही चिंधू लोहारास देतो. तोच रोज डबे पोचवतो. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे. गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

कलम ४. माझी तेरवी करू नये. जिवंत म्हाताऱ्याला टोस्ट आणि मेलेल्याच्या नावाने गावजेवण, हा उलटा कारभार मला मान्य नाही. कोठीतले गहू, तूर, ज्वारी व तेलाचा डबा, जे तेरवीत उडाले असते, ते या चुलीवरून ज्यांना डबा जातो त्या सर्व जेवणाऱ्यांना देत आहे. कावळ्याची वाट कोणी पाहू नये. माझी कोणतीही इच्छा राहिलेली नाही, आणि कावळ्याला खोळंबून ठेवणे बरे नव्हे.

कलम ५. भैय्याजी नत्थूजी गुल्हाने, किराणा दुकानदार, यांस मी काहीही देत नाही. सन १९३८ मध्ये बुद्धिबळ खेळताना मी पान लावत असता त्यांनी माझा उंट उचलला आणि आजतागायत कबूल केले नाही. धूर न निघणाऱ्या चार घरांपैकी एक त्यांचे होते. मुले रायपूर-नागपूरकडे. चिंधूने नेलेला डबा त्यांनी वर्षभर परत पाठवला. सन १९५६ च्या दसऱ्याला मनकर्णाबाई नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, आणि आल्यावर डबा घेऊन स्वतःच त्यांच्या दारात गेली. मी मागे उभा होतो.

भैय्याजी म्हणाले, "चंद्रभानले सांगजो, मी कोणाच्याई हातचं खात नाई."

ती म्हणाली, "तुमचे तिन्ही लेकरं जगात आले तं पयले माह्या हातात आले, भैय्याजी. तवा हात पायले होते काय तुम्ही?"

तिने डबा ओट्यावर ठेवला आणि मागे न पाहता निघाली. दुसऱ्या दिवशी डबा घासलेला, रिकामा, आमच्या भिंतीवर होता. चिंधूजवळ निरोपही होता, की चुनात, म्हणजे पिठल्यात, मीठ कमी पडले. तेव्हापासून तीन वर्षे डबा त्यांच्या मागच्या दाराने जातो आणि चौकात ते सांगतात, "मी घरीच रांधतो." आम्ही ऐकून घेतो. माणसाला जेवण पोचवता येते, कबुली पोचवता येत नाही.

वर्ध्याचे वकील म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. म्हणून ज्यांना काहीच द्यायचे नाही असे भैय्याजी मी पहिले साक्षीदार नेमले. वीस-एकवीस वर्षांच्या रागाला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला.

येथवर लिहून झाल्यावर आज सकाळी पडवीत साक्षीदारांसह सर्वांसमोर कलमे १ ते ४ वाचून दाखवली. पाचवे वाचले नाही, तेवढी लाज आहे. पुढचे जसे घडले तसे लिहितो.

वकिलांचा नियम मी सांगितला तेव्हा भैय्याजींच्या हातात टाक होता. सही करायला ते वाकले. मग टाक खाली ठेवला.

"माही सही चालत नाई," ते म्हणाले.

"काऊन?" पेन्शनर पोस्टमास्तर वासुदेवरावांनी विचारले. "तुमचं नाव तं कुठीच नाई आलं."

"चवथ्या कलमात आहे मी. जेवणाऱ्यात." भैय्याजींनी घसा साफ केला. मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे पाहून, रस्त्यावरच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "तीन वर्सांपासून मी ह्या बाईच्या हातचं खातो. लिहून घे, चंद्रभान."

लिहून घेतले आहे.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, खाडाखोडीसह मला मान्य आहे.

ठिकाण : देवळी
दिनांक : २२ नोव्हेंबर १९५९

(सही) चंद्रभान तानबाजी ढगे

साक्षीदार :
१. भैय्याजी नत्थूजी गुल्हाने. (नाव खोडले. कारण : लाभार्थी.)
२. (सही) वासुदेवराव महादेवराव काळमेघ, पेन्शनर पोस्टमास्तर, देवळी
३. (सही) बाबाराव सखारामजी झाडे, शेतकरी, देवळी