निळ्या पेन्सिलीची तारीख

मंगळ., ९ नोव्हेंबर ६५, सालवड

आज पुन्हा दुपारी एकला कुसुम आली. रेडिओवर श्रुतिका होती. शेजारीच राहते, त्यांच्याकडे रेडिओ नाही, तेवढंच आमचं पुण्य. नेहमीची जागा, रेडिओला खेटून, गुडघ्यांवर हनुवटी. मी मधेच काही बोललो तर, "गप रे मधू! पावलं वाजतायत."

कोणाची, तर रेडिओतल्या कुठल्या कॅप्टनची. अर्धा तास त्या कॅप्टनला मनात शिव्या घातल्या.

बाबा उद्या आत्याकडे मुरब्याला, आठवडाभर. आजच बजावलं, "रेडिओ उगाच चालू ठेवू नको. बॅटरीवर तारीख घातलीय." घालणारच. साबणाच्या वडीवरही घालतात, निळ्या पेन्सिलीने. मग माझ्या कॉलेजच्या विषयावर आले. वर्ष झालं सोडून, आता अणुवीज प्रकल्पावर तरी चिकट म्हणे. मोठा आवाज झाला. माझाच.

गुरु., ११

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. विहिरीपाशी देशपांडेने कु.ला पाकीट दिलं. खाकी, जाड. तिने पटकन पदराखाली...

हा देशपांडे साताऱ्याचा. प्रकल्पावर नकाशे काढतो, आमच्या आळीत खोली घेऊन राहतो. केस मागे वळवतो. हे तिसरं पाकीट. आधीची दोन मला ठाऊक नाहीत असं वाटतं त्याला.

जेवलो नाही. आय म्हणाली, "पोट दुखतंय काय?" हो म्हटलं.

शुक्र., १२

कु. कुंपणापाशी आली. खुशीत.

"रविवारी दुपारी आम्ही सगळे तुमच्या ओट्यावर. नाना, आजी, सगळे. काकींना विचारलंय मी. देशपांडेंनाही बोलावलंय."

"त्यांना कशाला?"

"ऐकायला. तू पण बस हां, रागावून उठून जाऊ नको."

माझं घर, माझा रेडिओ, आणि समोर तो! पेपरात रविवारचे कार्यक्रम पाहिले. सकाळी चिंतन. मग 'चित्र कसं पाहावं' यावर तीन विद्वानांची चर्चा. दुपारी एकला एक नवोदित श्रुतिका. यात वडिलांना आणि आजीला गोळा करण्यासारखं काय आहे? नानांना जावई दाखवायचाय, दुसरं काय.

रवि., १४

केलं.

विद्वानांची चर्चा संपली, आय विहिरीवर गेली. बॅटरी काढली, तांदळाच्या कणगीत पुरली. आयला सांगितलं, बसली, टाकून दिली.

"सकाळी तर चांगला बोलत व्हता!"

"म्हणून काय झालं? माणसं नाही का बसत!"

पाऊण वाजता सगळे आले. कु.ची आजी कानावरचा पदर मागे सारून पुढे बसली. दे.च्या हातात पेढे. पेढे! म्हणजे ठरलंच होतं. कु. बटण फिरवतच राहिली. "मधू, काहीतरी कर ना रे." मी खांदे उडवले.

दे. सायकल काढून बोईसर स्टेशनजवळच्या हॉटेलात पळाला, निदान एकाने तरी ऐकावं म्हणून, तिथला रेडिओ श्रुतिकेच्या केंद्रावर लावून घ्यायला. दोन वाजता घामाघूम परत. तिथले कामगार ऐकेनात. "बाबूजी, गाना रहने दो." तोवर श्रुतिका संपली होती.

कु. रडली नाही. आजीला हात देऊन घेऊन गेली. पेढे ओट्यावर तसेच. मला आनंद व्हायला हवा होता.

सोम., १५

दे.ने रस्त्यात गाठलं. मी बाह्या सरसावल्या.

"श्रुतिका तिची होती हो," म्हणाला. "पाच महिने लिहीत होती. घरी आलेलं प्रत्येक पत्र नाना फोडतात, म्हणून रेडिओची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. कालपर्यंत कोणाला सांगायचं नव्हतं."

मी बाह्या खाली ओढल्या.

"त्यात एक मुलगा आहे. कॉलेज अर्धवट सोडून आलेला, तापट. मी पहिला खर्डा वाचला, पण शेवट तिनं नंतर बदलला. काय केलंत विचारलं, तर म्हणाली, रविवारी ऐका."

पहिला खर्डा यानं वाचला. इतकं कळूनही मी त्याच्यावरच जळलो.

म्हणजे आमच्यापैकी कोणीच ऐकली नाही. लिहिणारीनेही नाही.

बुध., १७

बॅटरी परत बसवली. आयला सांगितलं, पालघरहून नवी आणली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तांदूळ निवडायला बसली.

गुरु., १८

कु. आली. रेडिओपाशी नाही, दाराशी बसली.

"नवी आणलीस?"

"हो. पालघरहून."

कोणाची तरी श्रुतिका झाली. काय होती, विचारू नये. संपल्यावर धीर केला. "तुझ्या श्रुतिकेचा शेवट काय होता?"

"तो झाला की रेडिओवर."

"वहीत असेल ना?"

"असेल."

बंद करायला उठली. करता करता रेडिओ फिरवला, मागची फळी सरकवली. मी विसरलो होतो. बॅटरीवर बाबांचं निळं अक्षर : १८ ऑक्टोबर. तिने वाचलं, दोनदा. माझ्याकडे पाहिलं नाही. कोनाड्यातली बाबांची पेन्सिल घेतली, खाली काहीतरी लिहिलं आणि गेली.

'१४ नोव्हेंबर, दुपारी १.'

बाबा उद्या येतात. ते तारखा वाचतात.

रबर शोधला. हातात धरून बसलो, मग ठेवून दिला. पुसलं नाही. ती कुंपणापलीकडे कपडे वाळत घालतेय. जातो.