गाळात रुतलं होतं कोण?

वाशी,
११ डिसेंबर १९८८

प्रिय विलास,

सोळा वर्षांनी तुला लिहितेय. ‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण पत्र दुसऱ्या कशाने सुरू करतात ते मला कुणी शिकवलं नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. का सुटली, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आम्ही आता वाशीत सेक्टरमध्ये राहतो. हे तळोज्याला कारखान्यात आहेत. वैशाली चौथीत आहे. खाडीच्या गाळात आपण चिंबोऱ्या धरायचो तिथे भराव पडलाय, बाबांचं मिठागरही त्यातच गेलं. शाळेच्या वाचनालयातून वैशालीने तुझं पुस्तक आणलं. मागे तुझा फोटो बघून मी हरखले. आपल्या गावचा मुलगा लेखक झाला म्हणून शेजारणींनाही दाखवला. मग वाचायला बसले.

सगळं बरोबर लिहिलंयस. चढती भरती, कमरेपर्यंतचा गाळ, मिठागरात पाणी घ्यायच्या उघाडीची फळी. फक्त गाळात रुतलेली, आईच्या नावाने हंबरडा फोडणारी ती मुलगी आहे आणि फळीवर पालथा पडून सरपटत जाणारा मुलगा. ‘भीती त्याला ठाऊकच नव्हती,’ असं लिहिलंयस. विलास, फळीवर मी होते. भीतीने माझा परकर ओला झाला होता. पाणी तुझ्या छातीशी आलं तेव्हा पळून जावंसं वाटलं, तरी तुझं मनगट सोडलं नाही. त्याला काय म्हणतात, ते तुझ्यासारख्या लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

बांधावर तुझे बाबा आले. आपण दोघंही चिखलाने माखलेले. त्यांनी एवढंच विचारलं, “कोनी कोनाला काडला?” तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “मी काडली हिला.” मी गप्प राहिले. पोरगा रडला म्हणून ते तुला गुरासारखं मारायचे, ते मी पाहिलं होतं. वाटलं, दोन दिवसांनी तू सांगशील. दोन दिवसांनी हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर तुझा सत्कार करून हातात नारळ दिला. माझ्या बाबांनी मला कोंडलं. पोरीची जात, पोरांबरोबर खाडीत फिरते, वर दुसऱ्याच्या पोराचा जीव धोक्यात घालते, असं गाव बोलत होतं. माझं दप्तर धाकट्या भावाला गेलं. तू रोज आमच्या दारावरून शाळेत जायचास, मान खाली घालून. तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. ते मी कधीच माफ केलं होतं. पण पुस्तक लिहिताना तू तीस वर्षांचा होऊ घातला होतास, आणि आता तुला मारणारं कुणी उरलं नव्हतं.

हे मी पोटात ठेवलंही असतं. पण शाळेच्या गॅदरिंगला तुझ्या गोष्टीचं नाटक बसवलंय. वैशालीने मुलाचं काम मागितलं. बाईंनी तिला रुतलेल्या मुलीचं दिलं. चार दिवस ती आरशासमोर रडायचा सराव करतेय, आणि छान रडतेस म्हणून बाई तिचं कौतुक करतात. शेवटी मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग पुस्तकात खोटं कसं छापतील, आई?” छापलेल्यापुढे सातवी शिकलेल्या आईचं काय चालणार?

पंचवीस तारखेला तू प्रमुख पाहुणा म्हणून येणार, असं पत्रिकेत आहे. स्टेजवरून काही बोलू नकोस, पुस्तकही बदलू नकोस. फक्त माझ्या मुलीला बाजूला घे आणि त्या दिवशी कोण रडत होतं ते तुझ्या तोंडाने सांग. आणि हेही सांग, की रडलास म्हणून तू काही कमी झाला नव्हतास. कमी झालास तो नंतर.

तुझ्या खोट्याला सोळा वर्षं सांभाळणारी,
गोजरा